अंभोरेभाऊंची खिडकी

"आज संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळेल का?" असं अंभोरेभाऊंना कोणी विचारलं, की हा माणूस वाशीमला नवा आहे हे दवाखान्याच्या अख्ख्या व्हरांड्याला कळायचं. जुने पेशंट असलं काही विचारत नसत. ते लघवीची बाटली भाऊंच्या खिडकीत ठेवायचे आणि घरी जायचे. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी विचारलं, तेही जरा तोऱ्यात, कारण नागपूरहून ताजी ताजी डॉक्टर होऊन आले होते. भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

"बाटलीले एक रात निजू द्या, बाई. निजली का खरं बोलते."

मी म्हटलं, पुस्तकात तर लघवी ताजी तपासावी असं लिहिलंय, ठेवली की नासते. ते म्हणाले, "ताजी पाह्यतोच ना. पन पाव्हना बी पहिल्या दिवशी गोडच बोलते." म्हणजे अर्धी लघवी ते लगेच तपासत आणि उरलेली अर्धी खिडकीच्या कट्ट्यावर झाकून ठेवत. सकाळी तळाशी काय बसलंय ते पाहत, आणि मगच कागदावर सही करत. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती, आणि सोडायला लावणंही कोणाला जमलं नाही. मी आठवडाभर प्रयत्न केला आणि नाद सोडला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि आमचा दवाखाना म्हणजे दोन वॉर्ड, एक व्हरांडा, अंगणात एक कडुनिंब आणि व्हरांड्याच्या टोकाला भाऊंची खोली. दवाखान्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. भाऊ उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. निखारे घातलेल्या तांब्यानं शर्टाला रोज इस्त्री. त्यांचा सूक्ष्मदर्शक पितळी, एका डोळ्याचा, खाली आरसा असलेला. त्याला दिवा नव्हता, ऊन लागायचं, म्हणून टेबल खिडकीशी. आभाळ आलं की भाऊंचा पारा चढायचा. ऊन पडलं की नळीत डोळा घालून बसायचे आणि लघवीतल्या खड्यांशी शेजाऱ्यांशी बोलावं तसं बोलायचे. एका जातीच्या खड्यांना ते 'लिफाफे' म्हणत, दुसऱ्यांना 'विटा'. "आज लिफाफे लई आले, बाई. या मानसाले पानी प्यायले सांगा."

गावात त्यांचं नाव झालं ते एका बाटलीमुळे. एका कापड दुकानदाराला कुठल्याशा डॉक्टरनं साखरेचा आजार सांगितला होता. बिचाऱ्यानं महिनाभर गोड सोडलं होतं, घरात सुतकी चेहरे करून सगळे कडू कारली खात होते. त्याची बाटली भाऊंकडे आली. निळं औषध टाकून तापवलं तर विटकरी रंग आला, म्हणजे साखर आहेच. भाऊंनी मग बाटलीचं बूच हुंगलं आणि हसत सुटले.

"शेठजी, साखर तुमाले नाही. बाटलीले हाय. हे गुलाबाच्या शरबताची बाटली हाय ना?"

होती. आदल्या डॉक्टरकडेही शेठजींनी त्याच बाटलीतून लघवी नेली होती. दुसऱ्या दिवशी शेठजींनी दवाखान्यात पेढे वाटले आणि स्वतः चार खाल्ले. तेव्हापासून भाऊंचा माणसांपेक्षा बाटल्यांवर जास्त संशय. लोक आणायचेही काय काय! खोबरेल तेलाची, खोकल्याच्या औषधाची, एका फौजदारानं तर रमची आणली होती आणि वर लेबलही ठेवलं होतं. भाऊ प्रत्येक बाटली हुंगायचे, उजेडात फिरवायचे, आणि चोर पकडल्याच्या आनंदात म्हणायचे, "बाटली बदमाश हाय." खरं सांगायचं तर त्यांना या कामाचा थोडा गर्व चढला होता. तो शोभूनही दिसायचा.

भाऊंच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला होता. त्यांच्या खोलीत एक माठ असे, मांजरपाटाच्या फडक्यानं झाकलेला, त्यावर लखलखीत पितळी पेला. तिथलं पाणी दवाखान्यातले मोजके लोक प्यायचे. बाकीचे तहानेनं व्याकूळ झाले तरी अंगणातल्या नळावर जायचे. भाऊ त्यावर चिडत नसत, निदान दाखवत नसत. एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ पेला नाकारून बाटली मात्र त्यांच्या हातात देऊन गेले, तेव्हा मला म्हणाले, "माह्या हातचं पानी चालत नाही यायले, अन् यायची लघवी माह्या हातात चालते. काय मज्जा हाय, पाहा!" मी हसले. ते हसले नाहीत, बाटली हुंगायला लागले.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे ते कामी येणार आहे. भाऊ तपासणीही करायचे आणि औषधंही द्यायचे. खोली एकच, खिडक्या दोन. सकाळी या खिडकीत बाटल्या घ्यायच्या, दुपारी त्या खिडकीतून पुड्या आणि मिक्श्चर. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं एका पगारात दोन माणसं मिळवली होती. एकदा भाऊ भाचीच्या लग्नाला धनजला गेले तीन दिवस. परत आले तर कट्टा भरून बाटल्या खाली फरशीवर, फरशीवरून दारापर्यंत आलेल्या, आणि पलीकडच्या खिडकीशी औषधाविना खोळंबलेले लोक. आमचे मुख्य डॉक्टर ओरडले, "तपासणी बंद, औषधंही बंद! दोन्ही कामं एकदम कशी काय थांबतात?" भाऊंनी शांतपणे टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "कारन मी एकच हावो, साहेब."

मानोऱ्याच्या पलीकडच्या एका तांड्यावरून झमकाबाई आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. कडेवर दीड वर्षाची मीरा. पोरगी पांढरीफटक, केस विरळ, डोळे मोठे आणि थकलेले. अजून उभी राहत नव्हती. रक्त फार कमी होतं. मी लोह दिलं. चढलं नाही. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. भाऊ काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहायचे आणि मान हलवायचे. "पेशी मोठ्या मोठ्या हायेत, बाई. पन कामाच्या नाहीत." दोन महिने गेले, रक्त जिथल्या तिथे आणि पोर आणखी सुकलेली. तेव्हा मी झमकाबाईला विचारलं, "गोळ्या देतेस ना गं खरंच? की फेकून देतेस?" तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

लघवी तपासायला सांगितली. पहिली बाटली आली, खिडकीत निजली, आणि सकाळी तळाशी पांढरा साका. नळीखाली पाहिलं तर बारीक बारीक काड्या, सुईसारख्या, ढीगभर. भाऊंनी असले खडे पूर्वी पाहिले नव्हते. पण त्यांनी एका मिनिटात निकाल लावला: तुरटी. तांड्यावर नाल्याचं गढूळ पाणी, ते निवळायला तुरटी फिरवायची, त्याच पाण्यानं बाटली धुवायची. बाटली बदमाश हाय! झमकाबाईला परत पाठवलं. ती मंगरूळपीरवरून दोन एसट्या बदलून गेली आणि चार दिवसांनी दुसरी बाटली घेऊन आली. त्यातही काड्या. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मात्र भाऊंनी भरल्या व्हरांड्यात तिला फैलावर घेतलं.

"तीनदा सांगतलं, बाटली उकळून आनजा! तुमाले सफाई समजत नाही तं आमी कायले डोळे फोडाव?"

लोक हसले. झमकाबाईनं पोरीला कडेवरून खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"भाऊ, तुरटी माह्या तांड्यावर हायेच नाही. आमच्या इथं विहीर हाये, तिचं पानी काचेवानी हाये. तुमी पाह्यली काय माही विहीर?"

भाऊंनी बाटली पुन्हा उजेडात फिरवली.

"काहून नाई पुसलं मले? आता तुमच्याच बाटलीत घ्या. तुमीच उकळा, तुमीच धुवा. मी इथून हलत नाही."

आणि ती खरंच हलली नाही. भाऊंनी एक काचेचं भांडं उकळून, कोरडं करून तिच्या हातात दिलं. ती कडुनिंबाखाली मांडी घालून बसली, मांडीवर मीरा. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत तिनं पोरीला पाणी पाजलं, गाणं म्हटलं, पाठ थोपटली, आणि सगळा दवाखाना येता-जाता कामं सोडून त्या पोरीच्या लघवीची वाट पाहत होता. शेवटी तीनच्या सुमाराला नर्स ओरडली, "झाली!" आणि वॉर्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ स्वतः येऊन भांडं घेऊन गेले. उजेडात धरून पाहिलं, स्वच्छ होतं. कट्ट्यावर झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर भाऊ टेबलाशी नुसते बसलेले. कानावर पेन्सिल नव्हती. त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. काड्याच काड्या.

"माह्या भांड्यात हायेत, बाई. मी उकळलेल्या."

"तुरटी मी रोज दाढीनंतर गालाले लावतो. तुरटीचा खडा असा नसते, हे मले पहिल्याच दिवशी समजाले पाह्यजे होतं. मी काड्या पाह्यल्याच नाही. मी तांडा पाह्यला." आणि पुढे जे म्हणाले ते इतकं हळू, की ते माझ्यासाठी होतं की नाही कोण जाणे. "लोक माह्या माठाकडं जसं पाह्यतात, तसाच तांडा पाह्यला मी."

ते उठून व्हरांड्यात गेले. आदल्या दिवशी हसलेले लोक बरेचसे तिथेच होते. भाऊ झमकाबाईसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, मी चुकलो. तीनदा चुकलो. तुही बाटली साफ होती."

झमकाबाईनं त्यांच्याकडे वर पाहिलं. मला वाटलं आता ही चांगलंच ऐकवणार, आणि ऐकवायला हवंच होतं. ती म्हणाली, "पोरीले तहान लागली. पानी हाय का?"

भाऊ आत गेले आणि पितळी पेला भरून घेऊन आले. तिनं आधी मीराला पाजलं, उरलेलं स्वतः घटाघटा प्यायली आणि पेला पुढे केला. "अजून द्या." भाऊ दुसऱ्यांदा आत गेले ते जवळजवळ धावतच. मला रडू आलं, आणि मी उगाच टेबलावर स्टेथोस्कोप शोधत राहिले, जो माझ्या गळ्यातच होता.

मी नागपूरला माझ्या सरांना पत्र लिहिलं: रक्त कशानंच चढत नाही, पेशी मोठ्या आहेत, आणि लघवीत अशा अशा काड्या. उलट टपाली उत्तर आलं, नमुने ताबडतोब पाठव. भाऊच एसटीनं घेऊन गेले. रक्ताची नळी बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि बाटली मांडीवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. कारंज्यापर्यंत शेजारी एक म्हातारबुवा होते, ते सारखे बाटलीकडे पाहत. शेवटी न राहवून म्हणाले, "वैदूचं तेल दिसते. दोन थेंब द्या ना बापा, गुडघे लई दुखून राह्यले." भाऊ म्हणाले, हे दुसऱ्याचं आहे. म्हातारबुवांना ते चिकटपणाचं वाटलं. उतरताना म्हणाले, "कोनाच्या कामी येत नाही असं औषध असून काय फायदा!" हा किस्सा भाऊ पुढे अनेकदा सांगत, आणि शेवटी म्हणत, "कामी आलं ना पन. म्हातारबुवाले सांगाले पाह्यजे होतं."

तोवर आम्ही मीराला आईचं रक्त चढवून तगवलं. सरांनी नमुने पुढे मुंबईला पाठवले. सहा-सात आठवड्यांनी सर स्वतःच वाशीमला आले. असा रोग फक्त पुस्तकात पाहिला होता म्हणाले, पोरगी डोळ्यांनी पाहायची होती. भाऊंच्या खोलीत, खिडकीशी उभं राहून त्यांनी आम्हाला समजावलं. शरीरात नवी पेशी बांधायची तर तिच्या आत लागणारा मालमसाला शरीर स्वतःच तयार करतं, टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम, म्हणजे एक कारागीर. मीराच्या शरीरात शेवटचे दोन टप्पे बंद आहेत. त्यामुळे अर्धवट माल साचतो, त्याला ओरोटिक आम्ल म्हणतात, तो लघवीवाटे बाहेर पडतो आणि गार झाला की त्याच्या काड्या होतात. पक्का माल तयारच होत नाही म्हणून रक्ताच्या पेशी नीट बनत नाहीत. लोह देऊन काय होणार? सर म्हणाले, "नवल एवढंच, की एकाच मुलीत दोन एन्झाइम एकदम कसे बिघडावेत? यावर मोठमोठ्या लोकांचं डोकं चालू आहे."

भाऊ कट्ट्याला टेकून ऐकत होते. म्हणाले, "साहेब, लहान तोंडी मोठा घास होईन. पन दोन नसतीन ते."

"म्हणजे?"

"मानूस एकच असन. हे खिडकी बी त्याचीच, ते खिडकी बी त्याचीच. मी धनजले गेलो का इथं बाटल्या साचतात अन् तिथं औषध मिळत नाही. लोकायले वाटते दोन मानसं सुट्टीवर गेले."

सर आधी हसले. मग हसायचे थांबले आणि दोन्ही खिडक्यांकडे पाळीपाळीनं पाहत राहिले. "असं म्हणणारे काही जण आहेत," ते म्हणाले, "पण त्यांच्यापैकी कोणाला हे इतक्या थोडक्यात सांगता आलेलं नाही." आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे, की ते दोन्ही टप्पे एकच एन्झाइम करतं. एकाच अंगाला दोन हात. मी ते वाचते तेव्हा मला खुंटीवरची टोपी दिसते.

उपाय सोपा होता आणि मिळायला महाकठीण. शरीराला जो पक्का माल बनवता येत नाही तो बाहेरून द्यायचा. युरिडिन नावाची पांढरी पावडर. ती सरांनी ओळखीपाळखीनं परदेशातून मागवली. डबा आला त्या दिवशी भाऊंनी नवा शर्ट घातला होता. दुसऱ्या खिडकीचं काम सुरू झालं. पुड्या बांधायच्या, दिवसाला तीन, दुधातून. दहा-बारा दिवसांनी भाऊ काच घेऊन पळतच वॉर्डात आले. "बाई, नव्या पेशी! चांगल्या!" महिन्याभरात मीराच्या ओठांवर रंग आला. मग ती खाटेचा दांडा धरून उभी राहिली, आणि पहिलं काम काय केलं, तर भाऊंच्या कानावरची पेन्सिल ओढली.

पण औषध जन्मभराचं, आणि दिवाळीनंतर झमकाबाईचा अख्खा तांडा ऊसतोडणीला निघणार. सहा महिने घर नाही, दार नाही. तिला वाचता येत नव्हतं. एक दिवस चुकला तर चालेल, आठ दिवस चुकले तर पोरगी पुन्हा पांढरी पडणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी कॅलेंडर देऊ म्हटलं. भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांनी मेणकागदाच्या पुड्या केल्या आणि सुईदोऱ्यानं ओवल्या, फुलांच्या माळेसारख्या. दर तीन पुड्यांनंतर लाल दोऱ्याची गाठ. एका माळेला एक महिना. सहा माळा पत्र्याच्या डब्यात भरून झमकाबाईला दिल्या. "सकाळी, दुपारी, दिवे लागनीले. गाठ आली का दिवस संपला. अन् परत आली का बाटली घेऊन येजो."

"कोनाची बाटली?" झमकाबाईनं विचारलं.

भाऊ म्हणाले, "तुहीच."

वैशाखात माझी बदली झाली. भाऊ मला सोडायला स्टँडवर आले, हातात त्यांच्या बायकोनं दिलेला ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा. मी गाडीत खिडकीशी बसले. आम्ही दोघंही ऊन फार आहे असं दोन-तीनदा म्हणालो. तेवढ्यात मंगरूळपीरकडून एसटी आली. तिच्यातून डोक्यावर गाठोडं घेतलेली झमकाबाई उतरली, उन्हानं काळवंडलेली. आणि तिच्या आधी, तिचा हात सोडून, एक पोरगी पायरीवरून उडी मारून खाली. तिला ओळखायला मला वेळ लागला. भाऊंना लागला नाही. ते मला, डब्याला, सगळ्याला विसरून तिकडे गेले. भाकरीचा डबा त्यांच्याच हातात राहिला.

झमकाबाईनं गाठोड्यातून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. भाऊंनी ती हुंगली नाही. नुसती उन्हात धरली आणि फिरवली. मीरा त्यांच्या धोतराला लोंबकळत होती. माझी गाडी सुरू झाली. मी ओरडून विचारलं, "भाऊ, कशी आहे?"

ते वळले, आणि तिथून ओरडून म्हणाले, "निजू द्या तिले, बाई! उद्या सांगतो!"

त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत. पण चौथ्या दिवशी नव्या गावी माझ्या नावानं कार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं:

"डॉक्टरीणबाई, बाटली निजली. काडी धुंडावी लागली. भाकरीचा डबा माह्याजवळच राह्यला, तो मीरानं खाल्ला. सध्या माह्या खुर्चीवर बसून माठातलं पानी पिऊन राह्यली, अन् मी उभा हावो."